मुक्तस्रोत आणि चरितार्थ

जी वस्तू कोणालाही विनामूल्य नेता येते, जिची हवी तेवढी नक्कल करता येते, जिच्यात फेरफार करून ती पुन्हा तिसऱ्याच्या हाती देता येते, आणि हे सर्व करण्याचा अधिकार निर्मात्याने स्वतःच लेखी परवान्याने बहाल केलेला असतो, त्या वस्तूवर निर्मात्याचा उदरनिर्वाह कसा चालावा, हा प्रश्न मुक्तस्रोत सॉफ्टवेअरच्या चळवळीला तिच्या जन्मापासून विचारला जात आहे. गेल्या चाळीस वर्षांत त्याला जी उत्तरे मिळाली, ती कोणा एका सिद्धांतातून निघाली नाहीत. निरनिराळ्या माणसांनी आणि कंपन्यांनी आपापल्या अडचणीतून जे मार्ग काढले, त्यांतून ती हाती आली. त्यांपैकी काही मार्ग रूढ झाले, काही मध्येच खुंटले, आणि काहींवरून चालणाऱ्यांची उमेदीची वर्षे झिजून गेली. बँकेचा व्यवहार, रुग्णालयाचे दप्तर, दूरध्वनी, शासनाचा कारभार यांपैकी ज्याच्या पायाशी असे सॉफ्टवेअर नाही असा भाग आज शोधूनच काढावा लागेल. म्हणून हा सारा जमाखर्च एकदा एकत्र मांडणे अगत्याचे आहे.

या पायाची किंमत काढण्याचा एक प्रयत्न हार्वर्ड बिझनेस स्कूलने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासनिबंधात झालेला आहे. सर्वत्र वापरात असलेले मुक्तस्रोत सॉफ्टवेअर एकदाच नव्याने लिहून काढावयाचे ठरविले, तर सुमारे ४१५ कोटी डॉलर खर्च येईल. परंतु ते मुळात नसतेच आणि प्रत्येक कंपनीला आपापल्यापुरते लिहून घ्यावे लागले असते, तर हाच खर्च ८.८ लाख कोटी डॉलरांवर गेला असता, असा त्या निबंधाचा निष्कर्ष आहे. या दुसऱ्या मूल्यापैकी ९६ टक्के मूल्य अवघ्या ५ टक्के प्रोग्रॅमरांच्या श्रमांतून निर्माण झाले आहे, असेही त्यात दाखविलेले आहे. अशा अंदाजांत गृहीतके पुष्कळ असतात हे मान्य केले, तरी दोन रकमांमधील अंतर इतके विलक्षण आहे, की ते ज्यांच्या खिशात राहिले ते लोक आणि ज्यांच्या श्रमांतून ते निर्माण झाले ते लोक एक नाहीत, ही गोष्ट डोळ्यांआड करता येत नाही. माझे मत असे बनले आहे की, या क्षेत्रात जो कोणी दीर्घकाळ सन्मानाने पोट भरू शकला, त्याने कोडची जबाबदारी विकली. आणि जेथे जबाबदारी तर होती, पण ती वाहणाऱ्याशी कोणीही करारनामा केलेला नव्हता, तेथे ओढग्रस्त आली. पुढील विवेचन या मताच्या आधाराने केलेले आहे.

आरंभ मुक्त सॉफ्टवेअर चळवळीचे प्रवर्तक रिचर्ड स्टॉलमन यांच्यापासूनच करावा लागतो. सप्टेंबर १९८३ मध्ये त्यांनी ग्नू या मुक्त संगणक-प्रणालीच्या प्रकल्पाची घोषणा केली आणि जानेवारी १९८४ मध्ये अमेरिकेतील एमआयटी या संस्थेतील नोकरीचा राजीनामा दिला. राजीनामा अशासाठी की, नोकरीत राहून लिहिलेल्या कोडवर संस्थेने उद्या मालकी सांगू नये. नोकरी सुटली, म्हणजे मिळकत सुटली. तेव्हा १९८५ मध्ये त्यांनी आपला इमॅक्स हा संपादक चुंबकीय फितीवर उतरवून १५० डॉलरना पाठविण्यास सुरुवात केली. ज्याच्या ओळखीत इंटरनेटची जोडणी असलेला एखादा माणूस होता त्याला तोच इमॅक्स फुकट मिळत होता. ज्याला ती सोय नव्हती तो फितीचे पैसे देत होता. महिन्याला आठ-दहा मागण्या येत, आणि तेवढ्यावर एका साध्या राहणीच्या माणसाचे भागत असे. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या ग्नू जाहीरनाम्यात त्यांनी प्रोग्रॅमरांच्या उपजीविकेचा प्रश्न टाळला नाही: नव्या यंत्रांवर सॉफ्टवेअर बसवून देणे, शिकविणे, दुरुस्ती करणे अशी कामे राहतीलच, मात्र आजच्याइतका पैसा कदाचित मिळणार नाही, असे त्यांनी स्वच्छ सांगून टाकले. हा प्रांजळपणा नंतरच्या अनेक प्रचारकांत राहिला नाही.

त्या जाहीरनाम्यात बहुतेकांना नीतिशास्त्र दिसले. मायकेल टीमन यांना त्यात धंद्याचा आराखडा दिसला. त्यांनी जॉन गिलमोर आणि डेव्हिड हेन्केल-वॉलेस यांच्यासह १९८९ मध्ये कॅलिफोर्नियात सिग्नस ही कंपनी काढली. तिचा व्यवहार समजून घेण्यासारखा आहे. नवा प्रोसेसर बनविणाऱ्या कंपनीला आपल्या प्रोसेसरसाठी कंपायलर, म्हणजे कोड यंत्राच्या भाषेत उतरविणारे साधन, लागतेच, कारण त्याच्यावाचून तो प्रोसेसर कोणी विकतच घेणार नाही. ग्नूचा जीसीसी हा कंपायलर फुकट उपलब्ध होता, पण तो त्या विशिष्ट प्रोसेसरवर चालता करणे हे महिनोन्‌महिन्यांचे आणि मोजक्याच माणसांना साधणारे काम होते. ते काम सिग्नस मक्त्याने घेई, आणि झालेली सुधारणा पुन्हा सर्वांसाठी खुली होई. ज्ञान दुर्मिळ होते आणि मागणी निकडीची होती, म्हणून दर चांगला मिळाला. नोव्हेंबर १९९९ मध्ये लिनक्स या मुक्त संगणक-प्रणालीचे वितरण करणाऱ्या रेड हॅट या कंपनीने सिग्नस विकत घेण्याचा करार केला, तोपर्यंत मुक्त सॉफ्टवेअरची चाकरी करून घरे चालू शकतात ही गोष्ट सिद्ध झालेली होती.

रेड हॅटने त्याच्या पुढचे पाऊल टाकले. ऑगस्ट १९९९ मध्ये तिचे समभाग बाजारात आले तेव्हा त्यांच्यावर उडी पडली, परंतु खोक्यात घालून लिनक्सच्या तबकड्या विकण्यात काही अर्थ नाही, हे तिच्या चालकांनी लवकरच ओळखले. कारण तीच तबकडी शेजारचा दुकानदार नाममात्र दराने विकू शकत होता आणि परवान्याने त्याला तसा अधिकारही होता. तेव्हा कंपनीने आपल्या प्रणालीची एक मंदगती, स्थिर, वर्षानुवर्षे सांभाळली जाणारी आवृत्ती सिद्ध केली आणि तिच्यासाठी वार्षिक वर्गणी ठेवली. बँकेचा संगणक-प्रमुख ही वर्गणी देतो ती कोडसाठी देत नाही. मध्यरात्री यंत्रणा बंद पडली असता फोन उचलणारा कोणी असावा, सुरक्षेतील भगदाड उघडकीस येताच ते बुजविलेले असावे, आणि आज बसविलेली प्रणाली दहा वर्षांनीही तशीच चालावी, या हमीसाठी तो ती देतो. गावगाड्यात सुताराला किंवा लोहाराला प्रत्येक औताच्या दुरुस्तीचे वेगळे पैसे न देता, वर्षभर तो हाताशी आहे याबद्दल सुगीला बलुते घालीत असत. त्या व्यवस्थेतील जन्माचे बंधन आणि त्यातून उद्भवणारा अन्याय येथे नाही, येथे लेखी आणि मुदतीचा करार आहे, तथापि मोबदला उपलब्धतेचा, हे तत्त्व तेच. या तत्त्वावर रेड हॅटचे वार्षिक उत्पन्न २०१२ च्या आर्थिक वर्षात १०० कोटी डॉलरांच्या वर गेले, आणि २०१९ मध्ये आयबीएमने सुमारे ३,४०० कोटी डॉलर मोजून ती कंपनी घेतली.

या यशाला उत्तरार्धही आहे. रेड हॅटच्याच कोडपासून सेंटओएस नावाची प्रतिकृती तयार होत असे आणि वर्गणी न देणारे तिच्यावर काम भागवीत. डिसेंबर २०२० मध्ये तिचे पूर्वीचे स्वरूप बंद करण्याचे जाहीर झाले, आणि जून २०२३ मध्ये मुख्य प्रणालीचा नेमका स्रोत केवळ ग्राहकांपुरता ठेवण्यात आला. परवान्याच्या अक्षराचा यात भंग झाला नाही असे कंपनीचे म्हणणे, आणि ते सहजासहजी खोडून काढता येण्यासारखे नाही. परंतु ज्या परस्परविश्वासावर हजारो लोकांनी विनावेतन दुरुस्त्या पाठविल्या होत्या, त्याला त्या दिवशी तडा गेला, हेही तितकेच खरे आहे. महाराष्ट्राचा या कंपनीशी प्रत्यक्ष संबंध आहे. पुण्यात तिचे मोठे अभियांत्रिकी केंद्र आहे आणि तेथे अनेक मराठी मुले-मुली मुक्तस्रोताचे काम पगारावर करीत आलेली आहेत. भारतीय लिप्यांसाठी रेड हॅटने २००४ मध्ये खुले केलेले लोहित टंक, ज्यांत देवनागरीही आहे, हे याच प्रकारच्या पगारी श्रमांचे फळ होय. त्या काळी लिनक्सवर मराठी वाचावयाची तर अक्षरे कोठून आणावीत येथपासून अडचण होती, हे ज्यांनी अनुभवले आहे त्यांना या देणगीचे मोल सांगावयास नको.

दुसरा मार्ग दुहेरी परवान्याचा. स्वीडनमध्ये १९९५ मध्ये स्थापन झालेल्या मायएसक्यूएल कंपनीने आपला डेटाबेस २००० मध्ये जीपीएल या परवान्यावर खुला केला. हा परवाना असे सांगतो की, या कोडमध्ये आपला कोड मिसळून कोणी तो वितरित केला तर त्यालाही आपला कोड खुला करावा लागेल. ज्यांना ते नको होते, अशा उत्पादकांना कंपनी वेगळा, बंदिस्त वापराचा परवाना पैसे घेऊन देत असे. युक्ती निर्दोष होती. पण तिची एक अट अशी की, सर्व कोडची मालकी एकाच हाती असली पाहिजे, म्हणजे बाहेरून दुरुस्ती पाठविणाऱ्याने आपले हक्क कंपनीला लिहून दिले पाहिजेत. २००८ मध्ये सन मायक्रोसिस्टम्सने ही कंपनी सुमारे १०० कोटी डॉलरना घेतली आणि २०१० मध्ये सनच ओरॅकलच्या ताब्यात गेली. मुक्त परवाना सर्वांच्या हाती राहिला, पण दुसरा परवाना विकण्याचा एकाधिकार कंपनीबरोबर नव्या मालकाकडे गेला. मूळ निर्मात्यांपैकी मायकेल विडेनियस यांनी २००९ मध्येच मारियाडीबी ही वेगळी शाखा काढून काम पुढे चालविले.

एसक्यूलाइटचे उदाहरण मला याहून बोधप्रद वाटते. रिचर्ड हिप यांनी २००० मध्ये अमेरिकन नौदलाच्या विनाशिकेसाठी चाललेल्या एका कामाच्या निमित्ताने हा छोटासा डेटाबेस लिहिला, आणि पुढे त्यावर कोणताही परवाना न ठेवता तो सार्वजनिक मालकीचा करून टाकला. आज प्रत्येक अँड्रॉइड फोनमध्ये आणि प्रत्येक आयफोनमध्ये तो आहे. ज्याने वस्तूवरील सर्व हक्क सोडले त्याने विकावे तरी काय? हिप यांच्या छोट्या कंपनीने या प्रश्नाची उत्तरे फार शांतपणे शोधलेली दिसतात. ज्या मोठ्या कंपन्यांचा व्यवसाय या डेटाबेसवर अवलंबून आहे त्यांचा एक संघ करून त्यांच्याकडून वार्षिक रक्कम घेतली जाते. डेटाबेस खुला असला तरी त्याच्या कसोटीसाठी रचलेला एक अत्यंत कडक चाचणीसंच विकला जातो. आणि सार्वजनिक मालकी म्हणजे काय हे ज्या कंपन्यांच्या वकिलांना पचत नाही, त्यांच्यासाठी मालकीहक्काची हमी देणारा एक दस्तऐवज ६,००० डॉलरना करून दिला जातो. या शेवटच्या व्यवहारात ग्राहकाला कोडची एक ओळही अधिक मिळत नाही. त्याला मिळते ते एका जबाबदार माणसाच्या सहीचे कागदपत्र. २०५० पर्यंत आपण हे सॉफ्टवेअर सांभाळू असे हिप यांनी जाहीर केले आहे. बाहेरच्यांनी लिहिलेला कोड ते सहसा घेत नाहीत, आणि मुक्तस्रोताच्या सामुदायिक कल्पनेत हे बसत नाही अशी त्यांच्यावर टीकाही होते. मला ती टीका मान्य नाही, कारण ज्याने इतक्या दीर्घ मुदतीची जबाबदारी अंगावर घेतली, त्याला आपल्या घरात काय येते यावर नजर ठेवण्याचा अधिकार असलाच पाहिजे.

गेल्या दशकातील मोठ्या भांडवलाच्या कंपन्यांची कथा थोडक्यात आटोपता येते. मोंगोडीबीने ऑक्टोबर २०१८ मध्ये, इलॅस्टिकने जानेवारी २०२१ मध्ये, हॅशिकॉर्पने ऑगस्ट २०२३ मध्ये आणि रेडिसने मार्च २०२४ मध्ये आपले मुक्त परवाने बदलून बंधने घातली. बहुतेकांची तक्रार एकच, की ॲमेझॉनसारखे क्लाउडवाले आमचे सॉफ्टवेअर भाड्याने देऊन पैसा मिळवितात आणि आम्हाला काही देत नाहीत. तक्रारीत तथ्य आहे. परंतु या कंपन्या वाढल्या त्या मुक्त परवान्याने मिळविलेल्या विश्वासावर आणि शेकडो बाहेरच्या हातांवर, आणि त्यांना भांडवल पुरविणाऱ्यांनी जी अपेक्षा धरली होती ती दहा-वीस प्रोग्रॅमरांच्या चरितार्थाची नव्हती. परिणाम असा झाला की ओपनसर्च, ओपनटोफू, वाल्की अशा शाखा फुटल्या. इलॅस्टिक २०२४ मध्ये आणि रेडिस २०२५ मध्ये पुन्हा एका मुक्त परवान्याकडे वळल्या.

आता त्या लोकांकडे वळले पाहिजे, ज्यांच्यामागे कंपनी नव्हती. एप्रिल २०१४ मध्ये ओपनएसएसएल या सॉफ्टवेअरमधील हार्टब्लीड नावाचा दोष उघडकीस आला. इंटरनेटवरील गुप्त व्यवहाराचा फार मोठा भाग या सॉफ्टवेअरवर विसंबून होता. दोषामुळे सर्व्हरच्या स्मृतीतील गुप्त किल्ल्या आणि परवलीचे शब्द बाहेरच्यांना वाचता येत होते. चौकशीची धूळ खाली बसल्यावर जगाला कळले की, या प्रकल्पाला देणग्यांतून वर्षाकाठी सुमारे २,००० डॉलर मिळत होते, आणि पूर्ण वेळ काम करणारा माणूस एकच होता. त्यानंतर लिनक्स फाउंडेशनने मोठ्या कंपन्यांना एकत्र करून प्रत्येकीकडून वार्षिक १ लाख डॉलरांची आश्वासने घेतली. ज्या कंपन्यांनी ती रक्कम दिली, त्यांच्या हिशेबात ती नगण्य होती. मग दोष फुटेपर्यंत ती का दिली गेली नाही? दुष्टपणा हे त्याचे कारण नव्हे. कंपनीच्या खरेदीखात्यात पैसा बाहेर जाण्यासाठी मागणीपत्र लागते, बिल लागते, पुरवठादाराचे नाव लागते; फुकट उतरवून घेतलेल्या सॉफ्टवेअरला यांपैकी काहीच नसते, आणि म्हणून कोणत्याही हिशेबनिसाच्या नजरेस ते पडत नाही.

व्हेर्नर कॉख यांची हकिगत याच जातीची, पण तिचा शेवट निराळा आहे. जर्मनीतील या गृहस्थांनी १९९७ पासून जीएनयूपीजी हे पत्रव्यवहार सांकेतिक करण्याचे साधन लिहिले आणि सांभाळले. पत्रकार, मानवाधिकारांचे कार्यकर्ते, आणि लिनक्सच्या अनेक वितरणांची पॅकेजे तपासणारी यंत्रणा यांचा विश्वास त्यावर होता; आणि कॉख मात्र एकट्याने, तुटपुंज्या मिळकतीवर, आता हे सोडून नोकरी धरावी काय या विवंचनेत काम करीत होते. फेब्रुवारी २०१५ मध्ये प्रोपब्लिका या वृत्तसंस्थेने त्यांच्या स्थितीवर लेख छापला आणि अक्षरशः एका दिवसात चित्र पालटले: फेसबुक आणि स्ट्राइप यांनी प्रत्येकी वार्षिक ५०,००० डॉलर कबूल केले, लोकांनी देणग्यांचा वर्षाव केला. पण मला महत्त्वाचे वाटते ते त्यानंतरचे. काही वर्षांनी कॉख यांच्या कंपनीने जर्मन शासनाच्या गोपनीय दर्जाच्या कागदपत्रांसाठी मान्यता मिळालेली आवृत्ती सिद्ध करून तिच्या सेवेचे करार विकण्यास आरंभ केला, आणि आता आम्हाला देणग्यांची गरज उरलेली नाही असे त्यांनी जाहीर केले. लेखाने त्यांना तारले, पण करारनाम्याने त्यांना उभे केले. इंटरनेटवरून माहितीची ने-आण करणाऱ्या कर्ल या साधनाचे जनक डॅनियल स्टेनबर्ग यांचेही असेच. दोन दशके नोकरी सांभाळून फावल्या वेळात कर्ल वाढविल्यावर २०१९ पासून वुल्फएसएसएल या कंपनीत त्यांना कर्लचेच पूर्ण वेळ काम मिळाले, आणि त्याचा खर्च निघतो तो कर्लच्या व्यावसायिक सेवेच्या करारांतून.

सर्वांनाच असा शेवट लाभत नाही. एक्सझेड हे माहिती संकुचित करण्याचे साधन लासे कॉलिन नावाचे फिनिश गृहस्थ वर्षानुवर्षे विनावेतन सांभाळीत होते. प्रकृती साथ देत नाही, वेळ पुरत नाही, असे त्यांनी उघडपणे लिहिले असता काही खात्यांवरून त्यांच्यामागे सारखा तगादा लावण्यात आला, की तुमच्याने होत नसेल तर दुसऱ्याकडे सोपवा. जिया टॅन हे नाव धारण करणारी एक व्यक्ती मदतीला तत्पर होती. तिने दोन-अडीच वर्षे चांगले काम करून विश्वास संपादन केला, सहदेखभालीचे अधिकार मिळविले, आणि २०२४ च्या आरंभी दोन आवृत्त्यांत एक चोरवाट लपविली, जिच्यातून जगातील असंख्य सर्व्हरांत शिरता आले असते. पोस्टग्रेस या डेटाबेसचे एक विकासक आणि मायक्रोसॉफ्टमध्ये नोकरीस असलेले आंद्रेस फ्रॉइंड यांना दूरस्थ प्रवेशास नेहमीपेक्षा सुमारे अर्धा सेकंद अधिक लागतो आहे, असे मार्च २०२४ मध्ये जाणवले, त्यांनी त्याचा माग काढला, आणि अनर्थ टळला. या प्रकरणाची चर्चा बहुधा हेरगिरी म्हणून होते. मला त्यात पगाराचा प्रश्न दिसतो. थकलेल्या माणसाला सुटी देणारे, त्याच्या जागी दुसरा माणूस पारखून नेमणारे, त्याच्यावर होणारा तगादा थोपविणारे कोणीच नव्हते, कारण त्याचा कोणी धनीच नव्हता.

देणगीचा मार्ग मुळीच चालत नाही असे मात्र नाही. ईव्हान यू यांनी २०१६ मध्ये नोकरी सोडून वेबपृष्ठे रचण्याच्या व्ह्यू या आपल्या साधनावर लोकांच्या मासिक वर्गणीच्या बळावर पूर्ण वेळ काम सुरू केले आणि ते यशस्वी झाले. २०१९ मध्ये गिटहब या कोड ठेवण्याच्या संकेतस्थळाने प्रायोजकत्वाची सोय केल्यावर अनेकांना थोडाफार आधार मिळाला. पण या मार्गाचा एक दोष असा की, जे डोळ्यांसमोर आहे त्यालाच देणगी मिळते. व्ह्यू वापरणारा प्रोग्रॅमर ते नाव रोज उच्चारतो. एक्सझेडसारखे साधन दहा थर खाली असते आणि ते आपल्या यंत्रात आहे हे वापरणाऱ्याच्या गावीही नसते. टाइडलिफ्ट या कंपनीच्या २०२४ च्या पाहणीत देखभाल करणाऱ्यांपैकी सुमारे ६० टक्के लोकांना काहीही मोबदला मिळत नाही असे आढळले होते.

लोकाश्रयाचे सर्वांत सुंदर उदाहरण ब्लेंडरचे. टॉन रोसेंडाल या डच कलावंताने बनविलेले हे त्रिमितीय चित्रणाचे सॉफ्टवेअर एका कंपनीच्या मालकीचे होते; गुंतवणूकदारांनी २००२ मध्ये कंपनी बंद केली. तेव्हा रोसेंडाल यांनी त्यांना गाठून किंमत ठरविली, १ लाख युरो, आणि लोकांपुढे हात पसरला. सात आठवड्यांत रक्कम जमली आणि १३ ऑक्टोबर २००२ रोजी ब्लेंडर मुक्त झाला. पुढे ब्लेंडर सांभाळणाऱ्या संस्थेने स्वतः लघुपट काढावयास घेतले. चित्रपट करताना कलावंतांना जे अडले ते विकासकांनी त्याच इमारतीत दुरुस्त केले. विकासनिधीला व्यक्तींच्या लहान वर्गण्या आणि कंपन्यांच्या मोठ्या रकमा मिळू लागल्या. २०१९ मध्ये एपिक गेम्सने १२ लाख डॉलर दिले. २०२५ मध्ये फ्लो या लाटव्हियन ॲनिमेशनपटाला ऑस्कर मिळाले, तो ब्लेंडरमध्ये केलेला होता. येथे एक गोष्ट लक्षात घ्यावी: ब्लेंडरचा वापर करणारा कलावंत त्याच्यावर प्रेम करतो, आणि डेटा संकुचित करणाऱ्या साधनावर कोणी प्रेम करीत नाही. म्हणून ब्लेंडरचा कित्ता सर्वांना गिरविता येईल असे समजणे धोक्याचे आहे.

या सगळ्या नावाजलेल्या कथांहून मुक्तस्रोताने अधिक माणसे ज्या मार्गाने पोसली, तो मार्ग साध्या नोकरीचा आहे. लिनक्सचा गाभा हौशी लोक रात्री जागून लिहितात अशी समजूत अजूनही आढळते. वस्तुस्थिती अशी की त्यात होणाऱ्या बदलांपैकी ८० टक्क्यांहून अधिक बदल इंटेल, रेड हॅट, गूगल यांसारख्या कंपन्यांचे पगारी नोकर करतात. लिनक्सचे जनक लिनस टॉरवाल्ड्स यांचा तनखाही आधी एका प्रोसेसर कंपनीकडून आणि नंतर लिनक्स फाउंडेशनकडून आलेला आहे. कंपनी हे दातृत्वाने करीत नाही. तिचा प्रोसेसर किंवा तिचा सर्व्हर लिनक्सवर नीट चालला नाही तर तिचा धंदा बसतो. यात एक बंधन आहे, की कंपनीला जेवढ्या भागाशी कर्तव्य तेवढ्याच भागाची निगा राखली जाते. तथापि महिन्याच्या महिन्याला पगार, रजा आणि निवृत्तिवेतन या गोष्टी ज्याला हव्या आहेत त्याने या मार्गाला कमी लेखू नये.

भारतात या विषयाचा विचार करताना मुंबईच्या फ्रॅपे टेक्नॉलॉजीजचे नाव आधी घ्यावे लागते. रुशभ मेहता यांनी घरच्या फर्निचरच्या व्यवसायासाठी हिशेब, साठा आणि उत्पादन यांची एकत्र व्यवस्था लावण्याच्या खटपटीतून हे काम सुरू केले आणि त्यातून ईआरपीनेक्स्ट हे सॉफ्टवेअर उभे राहिले. कोड जीपीएलवर संपूर्ण खुला. मिळकत मात्र ते सॉफ्टवेअर आपल्या सर्व्हरवर चालवून देण्याच्या आणि त्याची सेवा पुरविण्याच्या शुल्कातून. हे सॉफ्टवेअर घेऊन कारखानदारांकडे जाणारे, ते बसवून देणारे आणि त्यात स्थानिक गरजेप्रमाणे बदल करणारे छोटे व्यावसायिक अनेक शहरांत तयार झालेले आहेत. पुण्यातील आरटीकॅम्पसारख्या कंपन्या वर्डप्रेसच्या सेवेवर चालतात, हाही त्याच कुळातील व्यवसाय. आमच्या विद्यार्थ्यांची या क्षेत्राशी पहिली ओळख बहुधा गूगलने २००५ मध्ये सुरू केलेल्या समर ऑफ कोडमधून होते. त्यात भारतीय विद्यार्थ्यांची संख्या सातत्याने फार मोठी राहिली आहे. खेदाची गोष्ट ही की, त्यांपैकी पुष्कळजण उन्हाळा सरल्यावर आणि नोकरी मिळाल्यावर तो प्रकल्प सोडून देतात; यात त्यांना दोष देता येत नाही, कारण उन्हाळ्यानंतर त्या कामाला तनखा नसतो. ऑक्टोबर २०२४ मध्ये बंगळूरच्या झेरोधा या शेअर-दलाली कंपनीने दरवर्षी १० लाख डॉलरांचा निधी जगभरच्या मुक्तस्रोत प्रकल्पांसाठी जाहीर केला, त्यातून प्रत्येकी १०,००० ते १ लाख डॉलरांची मदत मिळते. एका भारतीय कंपनीने ज्याच्यावर आपला व्यवसाय उभारला त्याचे ऋण मान्य करून नियमित वर्षासन बांधावे, ही गोष्ट मला अभिमानाची वाटते.

अगदी अलीकडे एक नवी चिंता उद्भवली आहे. फुकट सॉफ्टवेअर देऊन त्याच्या दस्तऐवजांच्या पानांवर येणाऱ्या वाचकाला आपले विकत मिळणारे साहित्य दाखवावयाचे, या पद्धतीवर चालणाऱ्या टेलविंड या लहान कंपनीला जानेवारी २०२६ मध्ये आपल्या अभियंत्यांपैकी बहुतेकांना कमी करावे लागले. सॉफ्टवेअरचा वापर घटला नव्हता, उलट वाढला होता. परंतु प्रोग्रॅमर आता ती पाने उघडण्याऐवजी कृत्रिम बुद्धिमत्तेच्या यंत्राला विचारतात, आणि दुकानासमोरून जाणारी वाटच बंद झाली. ज्यांची मिळकत वाचकाच्या नजरेवर अवलंबून होती त्यांच्यावर हे संकट आधी आले. ज्यांची मिळकत करारावर आहे त्यांना ते अजून तितके जाणवलेले नाही.

राहता राहिला शासनाचा भाग. जर्मनीने २०२२ मध्ये आपल्या अर्थमंत्रालयाच्या पैशातून सॉव्हरिन टेक फंड सुरू केला. रस्ते आणि पूल यांच्याप्रमाणे सॉफ्टवेअरचा पायाही सार्वजनिक हिताचा आहे, ही त्यामागील भूमिका. कर्लला त्यातून मदत मिळाली, लिनक्सवरील नोम या प्रकल्पाला २०२३ मध्ये १० लाख युरो मिळाले, आणि हे पैसे देणगी म्हणून न देता ठरलेल्या कामांचा करार करून दिले गेले. भारत सरकारने मुक्तस्रोत सॉफ्टवेअरच्या स्वीकाराचे धोरण २०१५ मध्येच जाहीर केले आहे. शासकीय खात्यांनी निविदा काढताना मुक्तस्रोताचा विचार करावा आणि त्याला अग्रक्रम द्यावा, असे ते सांगते. त्याचा रोख वापरावर आहे, आणि वापर झालाही. परंतु शासकीय प्रणालीच्या अंदाजपत्रकात सर्व्हर, वीज, मनुष्यबळ, प्रशिक्षण अशी कलमे असतात. ज्या मूळ प्रकल्पांवर ती प्रणाली उभी राहावयाची त्यांच्या देखभालीचे एक स्वतंत्र कलमही त्यांत घातले पाहिजे. ते सेवेची खरेदी म्हणून, मुदत आणि कामाची यादी लावून घालावे, म्हणजे लेखापरीक्षकाच्या शेऱ्याला जागा राहणार नाही. आणि ज्या देखभाल करणाऱ्यांशी असे करार होतील त्यांत पुणे, नाशिक, नागपूर येथे राहून, परदेशी कंपनीच्या गरजेची वाट न पाहता, हेच काम जन्मभर करू इच्छिणाऱ्या तरुणांनाही जागा असावी.